पूर्वज कोणाच्या वहीत सापडतात?

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्वतःचं घराणं शोधायला निघालेला माणूस सहसा दोन ठिकाणी जातो. एक म्हणजे जुन्या जनगणनेची पत्रकं आणि दुसरं म्हणजे दफनभूमी. पत्रकात पणजोबांचं नाव, वय, धंदा आणि त्या वेळी एका छपराखाली कोण कोण राहत होतं ते कळतं. थडग्यावरच्या दगडावर जन्ममृत्यूची सालं मिळतात आणि शेजारच्या दगडांवर बाकीचे आप्त. मराठी माणसानं हाच रस्ता धरला तर तो पहिल्याच वळणावर अडतो. आपल्याकडे देशव्यापी जनगणनेचा पहिला प्रयत्न १८७२च्या सुमारास झाला आणि सगळीकडे एकाच वेळी केलेली पहिली शिरगणती १८८१ची, पण त्यातलं एकाही घराचं पत्रक आज वाचायला मिळत नाही. बहुसंख्य समाजात दहनाची चाल, त्यामुळे थडगंही नाही. यावरून ‘आपल्याकडे नोंदी ठेवायची सवयच नव्हती’ असं म्हणून मोकळं व्हायची घाई होते. प्रत्यक्षात नोंदी भरपूर आहेत, फक्त त्या भलत्या नावांच्या दप्तरांत आहेत. त्या शोधायच्या तर आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. माणसाचं नाव कागदावर येतं ते त्याच्याकडून काही घ्यायचं असतं किंवा त्याला काही द्यायचं असतं तेव्हा. एरवी त्याची नुसती मोजणी होते. म्हणून ‘माझे पूर्वज कुठले?’ या प्रश्नाआधी ‘माझ्या पूर्वजांशी कोणाचं काम होतं?’ हा प्रश्न विचारायला हवा.

ज्या अमेरिकी जनगणनेचा दाखला नेहमी दिला जातो, तिच्यातूनच हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १७९० ते १८४० या काळातल्या तिथल्या गणतीत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं लिहिलं जाई आणि बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत आकडे म्हणून बसत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५०पासून लिहायला सुरुवात झाली. पण त्याच वर्षी गुलामांसाठी वेगळी पत्रकं होती आणि त्यांत मालकाच्या नावाखाली गुलामाचं वय, लिंग आणि रंग एवढंच लिहिलेलं असे. त्याचं नाव क्वचितच. १८६०लाही तेच झालं. कारण उघड आहे. राज्याला संसदेत किती जागा मिळायच्या हे ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन-पंचमांश माणूस असा हिशेब घटनेतच होता. त्या हिशेबाला डोकी पुरत होती, नावं लागत नव्हती. त्यामुळे आजचे कृष्णवर्णीय अमेरिकी लोक वंशावळ शोधत मागं जातात तेव्हा १८७०च्या पत्रकापाशी त्यांच्यासमोर भिंत उभी राहते, कारण त्यांच्या बहुसंख्य पूर्वजांची नावं त्या गणतीत पहिल्यांदा आली. त्यापलीकडं जायचं तर मालकाच्या मृत्युपत्रात, खरेदीखतात, कर्जाच्या तारणात शोधावं लागतं. तिथं मात्र नावं मिळतात, कारण विकत घेणाऱ्याला नेमका कोणता माणूस आपला झाला हे कळायला हवं होतं. म्हणजे सरकारच्या गणतीत जो बेनाव राहिला तो सावकाराच्या कागदात नावानिशी उभा आहे.

आपल्या जनगणनेचं याच नियमानं काय झालं ते पाहा. इंग्रज सरकारला हवे होते जात, धर्म, भाषा, व्यवसाय यांचे जिल्हावार तक्ते. ते जाडजूड अहवालांत छापले गेले आणि आजही संशोधकांच्या कामी येतात. घरोघर भरलेली पत्रकं आणि त्यांवरून वर्गवारीसाठी केलेल्या चिठ्ठ्या आकडे जुळल्यावर निरुपयोगी ठरल्या आणि नष्ट झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या जनगणना कायद्यानं गुप्ततेची भर घातली. त्याच्या १५व्या कलमानुसार या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाहीत. अमेरिकेत ७२ वर्षांनी पत्रकं खुली होतात. १९५०ची १ एप्रिल २०२२ रोजी झाली. ब्रिटनमध्ये ही मुदत १०० वर्षांची आहे. आपल्याकडे अशी मुदतच नाही. याला एक मोठा अपवाद आहे आणि तोही आपला नियम सिद्धच करतो. १९५१च्या जनगणनेच्या आधारे आसाममध्ये गावोगावी नागरिकांची नोंदवही तयार केली गेली. सुमारे सहा दशकांनी तीच वही आणि १९७१पर्यंतच्या मतदारयाद्या यांत आपला पूर्वज दाखवा, असं राज्यातल्या प्रत्येकाला सांगण्यात आलं. ३१ ऑगस्ट २०१९ला अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसं बाहेर राहिली होती. सरकारला माणसाकडून काही हवं होतं, नागरिकत्वाचा पुरावा हवा होता, म्हणून तिथं नाव टिकलं. वंशावळ हा निवृत्त माणसांचा छंद आहे असं समजणाऱ्यांनी ही यादी लक्षात ठेवावी.

दगडांचीही गत वेगळी नाही. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात वीरगळ आणि सतीशिळा दिसतात. वीरगळावर लढाई, स्वर्गारोहण, शिवपूजा असे थर कोरलेले असतात आणि सतीशिळेवर बांगड्या भरलेला हात, पण बहुतेकांवर एक अक्षरही नसतं. गावाला तो माणूस माहीत होता, लिहायची गरज नव्हती. आणि माहीत असणारी पिढी गेल्यावर दगड उरला, माणूस गेला. देवघरातल्या पूर्वजांच्या टाकांचंही तसंच आहे. चांदीच्या पत्र्यावरचा घोडेस्वार कोणत्या पिढीतला हे घरातलं कोणी सांगू शकत नाही. नाव कोरलेले दगड हवे असतील तर ते जिथं दफनाची चाल आहे तिथंच शोधावे लागतात. मुंबईत आणि कोकणात बेने इस्रायली समाजाच्या दफनभूमींत हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत मजकूर कोरलेले दगड आहेत. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या या समाजाच्या आजच्या पिढीला पेणकर, रोहेकर, नवगावकर अशा आडनावांवरून मूळ गाव कळतं आणि दगडावरून माणूस. गोव्यात आणि मुंबईत मात्र ख्रिस्ती कबरस्तानावर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी अस्थी काढून कबर दुसऱ्यासाठी वापरली जाते. तिथं दगडापेक्षा चर्चची वही बरी. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मसभेनं प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद ठेवायला लावलं. जवळच्या नात्यातलं लग्न निषिद्ध असल्यामुळे कोण कोणाचा हे चर्चला माहीत असणं भागच होतं. त्या गरजेतून आई, बाप आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली.

नाव आणि संख्या यांतला हा फरक सगळ्यात बोचतो तो युद्धस्मारकांवर. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. तिथं पडलेल्यांसाठी बसऱ्याला जे स्मारक उभारलं, त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या कोरली गेली. या असमान वागणुकीबद्दल राष्ट्रकुल युद्धकबर आयोगानं २०२१ साली जाहीर माफी मागितली. सातारा, रत्नागिरी भागातल्या काही गावांत त्याच काळातल्या संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. नावं नाहीत. पण याच शिपायांची नावं, बापाचं नाव, गाव आणि वारस पलटणीच्या कागदांत होती, कारण पगार आणि पेन्शन आकड्याला देता येत नाही. याउलट कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कंपनी सरकारनं १ जानेवारी १८१८च्या लढाईत आपल्या बाजूनं पडलेल्या शिपायांची नावं कोरली आणि त्यांतल्या ‘नाक’ या शेवटावरून महार शिपाई ओळखता येतात. कंपनीला आपल्या देशी फौजेची निष्ठा जगाला दाखवायची होती, तीही नावानिशी. ज्या समाजाचं नाव त्या काळच्या इतर दगडांवर सहसा कोरलं जात नव्हतं त्याचं नाव परक्या सरकारच्या दगडावर राहिलं. त्या दगडाला पुढं जे महत्त्व आलं त्यामागं हेही एक कारण आहे.

आता महाराष्ट्रातल्या साध्या घराकडे वळू. इथं वंशावळ शोधणं ही हौस नसून अनेकांसाठी कचेरीतलं काम आहे. जातवैधता हवी असेल तर अर्जदाराला वंशावळीचं शपथपत्र द्यावं लागतं आणि ठरावीक तारखेच्या आधीचा पुरावा जोडावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी किंवा त्याआधी आपलं कुटुंब कुठं राहत होतं हे दाखवण्यासाठी ज्या मुलाला आजोबांपलीकडचं नाव माहीत नसतं तो तहसील, शाळा आणि भूमी अभिलेख यांच्या खेपा घालतो. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा तर सारं प्रशासनच या कामाला लागलं. मोडी, उर्दू आणि फार्सी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, महसूल, शाळा, जन्ममृत्यू, कारागृह अशा निरनिराळ्या खात्यांची दप्तरं उघडली गेली आणि ५० लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचं सरकारनं सांगितलं. राजकारण क्षणभर बाजूला ठेवलं तर या शोधानं एक गोष्ट दाखवून दिली: जिथं नोंदी नाहीत असं म्हटलं जात होतं तिथं त्या गाठोडीच्या गाठोडी पडून होत्या.

या सगळ्यांत सर्वांत उपयोगी कागद जमिनीचा. सातबारा सर्वांना माहीत असतो, पण पिढ्या सापडतात त्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्यापासून हक्कनोंदणी सुरू झाली आणि तेव्हापासून जमीन हातबदल झाली की नोंद होऊ लागली. एखादा जुना वारस फेरफार समोर घेतला तर चार रकाने दिसतात: नोंदीचा क्रमांक, मिळालेल्या हक्काचं स्वरूप, जमिनीचा भूमापन क्रमांक आणि तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा. दुसऱ्या रकान्यात तलाठ्याच्या ठरलेल्या भाषेत लिहिलेलं असतं की अमुक खातेदार अमुक तारखेला मयत झाला, त्याला वारस पुढीलप्रमाणे, आणि खाली मुलांची नावं, वयं, कोणी अज्ञान असेल तर त्याचा पालक. एका परिच्छेदात दोन पिढ्या आणि मृत्यूची तारीख मिळते. या नोंदीत मागचा फेरफार क्रमांक मिळाला की पायरी पायरीनं मागं सरकता येतं. पण हा कागद वसुलीसाठी आहे हे विसरलं की माणूस फसतो. एकत्र कुटुंबात जमीन थोरल्या भावाच्या नावावर असे आणि नावापुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असा शेरा असे. सारा भरायला एक माणूस पुरत होता, म्हणून धाकटे चार भाऊ त्या कागदावर नाहीत. ‘आमच्या पणजोबांचं नाव उताऱ्यावर नाही, म्हणजे ते या गावचे नव्हेत’ असं अनुमान इथं सपशेल चुकतं. अमेरिकेच्या १७९०च्या गणतीतला कुटुंबप्रमुख आणि आपला एकुमॅ हे एकाच गरजेचे दोन अवतार आहेत.

शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा मोठा आधार. त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आणि आधीची शाळा असते, आणि जुन्या शाळांनी ही रजिस्टरं बऱ्यापैकी जपली आहेत. इथंही नोंद करणाऱ्याची गरज पाहिली पाहिजे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, प्रवेशासाठी वय पुरं दिसायला हवं, आणि बापाला तिथी आठवायची, तारीख नाही. मग गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. ग्रामीण महाराष्ट्रात एका पिढीच्या वाढदिवसांची १ जूनला झुंबड उडते ती यामुळे. तेव्हा या रजिस्टरातली जात आणि गाव भरवशाचं मानावं, साल थोडं मागंपुढं धरावं आणि दिवस सोडून द्यावा. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात उलट प्रकार असतो. जन्ममृत्यूची तारीख घटना घडल्यावर लगेच लिहिलेली, म्हणून विश्वासाची. पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसायचंच. बारसं व्हायच्या आत नोंद व्हायची, म्हणून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच आणि पुढं बापाचं नाव, जात. एका बापाला पाच मुलगे असतील तर कोणती नोंद कोणाची हे शाळेच्या रजिस्टराशी ताडूनच ठरवावं लागतं. दोन अपुरे कागद एकमेकांची उणीव भरून काढतात ते असे.

सरकारी कागद शे-सव्वाशे वर्षांपलीकडं पातळ होत जातात. वतनदार किंवा इनामदार घराणं असेल तर पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आणि १८५०च्या दशकातल्या इनाम कमिशनपुढं सादर केलेल्या वंशावळी हाती लागू शकतात. बाकीच्यांसाठी दार उघडं आहे ते तीर्थोपाध्यायांचं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, तसंच काशी, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यायांच्या घरांत गाव आणि आडनावं वाटून घेतलेली असतात. यजमान आला की गाव, आडनाव, जात विचारून त्याची नेमकी चोपडी काढली जाते आणि तो कोणासोबत आला, त्याचे भाऊ, मुलं, नातवंडं कोण हे त्याच्याकडूनच लिहवून घेतलं जातं, खाली त्याची सही. श्राद्धाच्या संकल्पाला बाप, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं लागतात आणि यजमानाला ती आठवत नसतात. शिवाय हा यजमान आपलाच हे दाखवायला उपाध्यायाला पुरावा हवा असतो. या दुहेरी गरजेतून ही अफाट दप्तरं जमली. हरिद्वारच्या अशा वह्यांचं सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं केलं. ही संस्था मॉर्मन पंथाची, आणि तिथं पूर्वजांच्या नावानं बाप्तिस्मा घेण्याची श्रद्धा आहे, म्हणून जगभरच्या मृतांची नावं त्यांना हवी आहेत. एका धर्माच्या श्राद्धासाठी लिहिलेली वही दुसऱ्या धर्माच्या बाप्तिस्म्यासाठी जपली गेली. पूर्वजांशी कोणाचं काम निघेल याचा नेम नाही!

मग ज्यांच्याशी कोणाचं काम नव्हतं त्यांचं काय? पहिला नंबर स्त्रियांचा. जुन्या कागदांत पुरुष ‘बिन’ लावून बापाशी जोडलेला असतो आणि स्त्री ‘कोम’ लावून नवऱ्याशी. तिचा बाप कोण हे त्या कागदाला नको असतं. त्यात लग्नात नाव बदलायची आपली चाल, त्यामुळे माहेरच्या रजिस्टरातली एक मुलगी आणि सासरच्या उताऱ्यावरची दुसरीच बाई ही एकच व्यक्ती असल्याचं कागदावरून कळतच नाही. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारस फेरफारात येऊ लागली, पण बऱ्याच ठिकाणी ती ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली आणि पुढं हक्कसोड करून तिथूनही कमी झाली. मात्र आजच्या संशोधकाच्या दृष्टीनं ती हक्कसोडीची नोंद मोलाची आहे. जमीन सोडताना बहिणीचं सासरचं पूर्ण नाव आणि गाव लिहावं लागतं, म्हणजे माहेर आणि सासर एका कागदावर येतात. तिच्याकडून काही घ्यायचं होतं म्हणून तिचं नाव लिहिलं गेलं. आसामच्या यादीत विवाहित स्त्रियांची जी फरफट झाली तीही याच दुव्याच्या अभावी. बापाचं नाव जुन्या वहीत होतं, पण ही त्याचीच मुलगी हे दाखवणारा कागद तिच्यापाशी नव्हता.

दुसरा नंबर दलितांचा आणि घर सोडून गेलेल्यांचा. देवळाची पायरी ज्यांना बंद होती त्यांची नावं बहुतांश तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत शोधण्यात अर्थ नाही. पण गावकामाच्या वतनाची नोंद सरकारला हवी होती. महार वतनाची जमीन, तिच्या तक्षिमा आणि पाळीनं काम करणारी माणसं यांची नावं वतनाच्या कागदांत मिळतात, आणि १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं रद्द होऊन जमिनी परत देताना तयार झालेल्या कागदांतही. ज्या वतनाला डॉ. आंबेडकरांनी गुलामीचं साधन म्हणून विरोध केला, त्याच वतनाच्या दप्तरात त्या गुलामीत राबलेल्यांची नावं आहेत. दुसरं उदाहरण समुद्रापारचं. १८३४नंतर उसाच्या मळ्यांसाठी मॉरिशसला सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर गेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठी लोकही होते. प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, जहाज हे सगळं उतरवून घेतलं गेलं, पुढं छायाचित्रंही काढली गेली. ही दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. मळेवाल्याला पळून गेलेला मजूर ओळखता यावा हा त्यामागचा हेतू. परिणाम असा की रत्नागिरीकडच्या एखाद्या गावातून परदेशी गेलेल्या भूमिहीन कुळवाड्याची उंचीसुद्धा आज कळते आणि गावातच राहिलेल्या त्याच्या भावाचं नावही सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: प्रत्येक कागद कोणाच्या तरी स्वार्थासाठी लिहिला गेला असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? इनाम टिकवायला खोट्या वंशावळी रचल्या गेल्या, दक्षिणेच्या आशेनं भाटांनी सामान्य घराण्यांची मुळं राजकुळांत नेऊन पोचवली, हे खरंच आहे. पण स्वार्थ उघड असला की तो वजा करता येतो. इनामाच्या वंशावळीत मूळ पुरुषाबद्दल शंका घ्यावी, कारण हक्क तिथून सुरू होतो. कागद लिहिला त्या वेळच्या हयात भाऊबंदांबद्दल शंका कमी घ्यावी, कारण एक नाव गाळलं तर तो भाऊबंद गप्प बसला नसता. परस्परविरोधी गरजांतून लिहिलेले दोन कागद एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी धरायला हरकत नाही. सारा वसूल करणारा तलाठी आणि श्राद्ध सांगणारा उपाध्याय यांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नसतं.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या नावानं येतो: आता डीएनए चाचणी असताना जुन्या वह्या चाळायच्या कशाला? चाचणी दूरचे नातेवाईक जुळवून देते, पण ज्यांनी चाचणी केली आहे त्यांच्यातलेच, आणि आपल्याकडे अशी माणसं थोडी आहेत. ती ढोबळ प्रदेश सांगते. गाव, नाव, साल सांगत नाही. शिवाय आपल्या वंशावळी म्हणजे निव्वळ रक्ताची नोंद नव्हेत. वतनाला वारस हवा म्हणून दत्तक घेण्याची रीत इतकी रुळलेली होती की कित्येक घराण्यांत कागदाची रेषा आणि रक्ताची रेषा मध्येच वेगळ्या होतात. दत्तक गेलेल्या पणजोबांचं खरं घराणं कोणतं याचं उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही, कारण दोन्ही खरी आहेत.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. वंशावळ शोधणं म्हणजे जातीचा अभिमान जोपासणं, आणि पूर्वजांचा पुरावा मागणारी व्यवस्था किती क्रूर होऊ शकते हे जर्मनीनं दाखवलं आहे. तिथल्या १९३९च्या जनगणनेत आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होतं हे वेगळ्या कार्डावर विचारलं गेलं. म्हणूनच आपल्या कायद्यातलं गुप्ततेचं कलम मला खटकत नाही. २०२७च्या जनगणनेत जातीची नोंद व्हायची आहे, तेव्हा माणूस गणनाधिकाऱ्याला निर्धास्तपणे खरं सांगेल ते या हमीवरच. पण अभिमानाचा धोका वंशावळ न शोधल्यानं जात नाही. उलट ऐकीव मोठेपणाला मोकळं रान मिळतं. कागद तपासणाऱ्याला आपल्या घराण्यात सरदार कमी आणि कुळानं जमीन कसणारे, दुष्काळात गाव सोडणारे, सावकाराला शेत लिहून देणारे जास्त सापडतात. शिवाय वर चार पिढ्या गेलं की पणजोबा-पणजींच्या वरचे १६ पूर्वज होतात आणि त्यांतलं आपलं आडनाव लावणारं मूळ घराणं फक्त एक. एकाच रेषेचा अभिमान धरायचा तर बाकीचे १५ नाकारावे लागतात. हा हिशेब कोणत्याही भाषणापेक्षा अभिमान चांगला उतरवतो.

तेव्हा शोध सुरू करायचा तर क्रम असा असावा. आधी घरातल्या वृद्धांकडून नावं लिहून घ्यावीत, आणि प्रत्येक स्त्रीचं माहेरचं नाव, बापाचं नाव, गाव आवर्जून विचारावं, कारण हक्कसोडीची नोंद सोडली तर ते कोणत्याही कचेरीत सहसा मिळणार नाही. मग शाळेचं रजिस्टर, कोतवाल बुक, फेरफार आणि शेवटी तीर्थाच्या चोपड्या. महसूल खात्यानं बऱ्याच जिल्ह्यांतले जुने अभिलेख स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवले आहेत; ते आधी पाहिले तर खेपा वाचतात. मोडी येत नसेल तर शिकावी, काही महिन्यांच्या सरावानं ती वाचता येते. हाती आलेल्या प्रत्येक कागदाच्या मागं तो कोणी, कधी, कशासाठी लिहिला हे टिपून ठेवावं. आणि एवढं झाल्यावर स्वतःच्या पिढीची नोंद स्वतः करावी, मुलीसुनांच्या दोन्ही नावांसकट. येणारी जनगणना आपल्याला मोजेल, पण आपली नावं नातवंडांना कधीच दाखवणार नाही. ते काम घरच्यांनीच करायचं आहे.